हिरवं वेगळं, उभं वेगळं

पावसाळ्याच्या पहिल्या जोरदार सरीनंतर मुंबई-पुण्याच्या कुठल्या तरी गल्लीत एखादं मोठं झाड आडवं होतं, आणि भोवती जमलेल्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं: काल संध्याकाळपर्यंत तर चांगलं हिरवंगार होतं. वाक्य खरंच असतं. पडलेल्या गुलमोहराला पालवी असते, कधी फुलंही असतात. दुसरीकडे देवळामागची एखादी जुनी चिंच निम्मी पोकळ असते, तिच्या ढोलीत घुबडांच्या पिढ्या वाढलेल्या असतात, आणि ती वावटळींना दाद न देता उभी असते. घराशेजारच्या जुन्या झाडाची तब्येत कशी आहे, असं आपण विचारतो तेव्हा त्या एका प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेले असतात. झाड जगण्याच्या स्थितीत आहे का, हा एक. ते उभं राहण्याच्या स्थितीत आहे का, हा दुसरा. गुलमोहर पहिल्यात पास होऊन दुसऱ्यात नापास झालेला असतो, चिंच मात्र पोकळ असूनही दुसऱ्यात पास होते. उपलब्ध ज्ञान आणि आपल्या शहरांमधला अनुभव एकत्र ठेवून पाहिला, तर हे दोन प्रश्न वेगळे न काढल्यामुळेच आपण चुकीची झाडं तोडतो आणि चुकीची राखतो, असं म्हणावं लागतं. शिवाय दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शेंड्याकडे मान वर करून मिळत नाही. त्यासाठी बुंध्याशी उकिडवं बसावं लागतं.

आधी पानांचं बघू, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात. आपल्याकडची निम्मी झाडं वर्षातून एकदा स्वखुशीनं उघडी होतात. गुलमोहर, पांगारा, काटेसावर, पळस यांची पानं हिवाळ्याच्या अखेरीला झडतात. पिंपळ फाल्गुनाच्या आसपास काही दिवस भुंडा होऊन तांबूस पालवीनं पुन्हा भरतो. त्यामुळे मार्चमध्ये काढलेला फोटो जोडून ‘झाड वाळले आहे, तोडण्याची परवानगी मिळावी’ असा अर्ज आला, तर तो अज्ञानातून आलेला असू शकतो आणि चलाखीतूनही. सालीचंही तसंच. अर्जुनाच्या सालीचे पापुद्रे सुटतात, कांडोळाचं खोड कागद सोलल्यासारखं दिसतं, आणि पेरूची साल सुटलेली तर पोरांनाही ठाऊक असते. यातला एकही रोग नव्हे. तेलंगणात 2021 मध्ये कडुनिंबाची असंख्य झाडं पावसाळ्यानंतर शेंड्यापासून करपत गेली. बुरशीनं होणारी शेंडेमर आणि तिला टी मॉस्किटो या ढेकणाची साथ, असं कारण निघालं. लोकांनी निंब गेला असं धरलं, पण बहुतेक झाडं पुढच्या हंगामात पुन्हा फुटली. याउलट मुंबईच्या रस्त्यांवरचे पर्जन्यवृक्ष गेल्या दशकात पिठ्या ढेकणाच्या प्रादुर्भावानं शेकड्यांनी वाळले आणि परत उठले नाहीत. या दोन गोष्टींतला फरक एका दिवशीच्या निरीक्षणात दिसणं शक्य नव्हतं. डहाळी नखानं खरवडली आणि आत हिरवं-ओलसर दिसलं, तर ती डहाळी जिवंत आहे एवढंच कळतं. झाडाचा कल कळायला त्याच महिन्यात, त्याच जागेवरून काढलेले तीन-चार वर्षांचे फोटो हवेत. पर्णसंभाराच्या कडेच्या डहाळ्या दरवर्षी थोड्या आणखी वाळताहेत का, पानं लहान होताहेत का, आणि शेंडा विरळ होत असताना जाड फांद्यांवर पाणसोटांचे झुबके फुटताहेत का, हे त्यात दिसतं. ते झुबके पाहून लोक ‘बघा, कसं धरलंय’ म्हणून समाधान मानतात. बहुतेकदा ती अडचणीत आलेल्या झाडानं साठवणीतून केलेली उचल असते.

लाकडाची गोष्ट पानांपेक्षा गुंतागुंतीची आहे, आणि तिथे विज्ञानानं आपली समजूत पुरती उलटवली आहे. अमेरिकेच्या वनसेवेतल्या ॲलेक्स शायगो यांनी हजारो ओंडके उभे चिरून पाहिले, आणि 1970 च्या दशकात एक साधी पण मोठी गोष्ट मांडली. जनावराची जखम भरते तशी झाडाची भरत नाही. झाड कुजलेला भाग दुरुस्त करत नाही. ते त्याच्याभोवती भिंती घालून त्याला कोंडतं आणि बाहेरून नवं लाकूड वाढवत राहतं. जखमेच्या वेळी असलेलं लाकूड आणि त्यानंतर वाढलेलं लाकूड यांच्यामधली भिंत सगळ्यांत भक्कम असते. म्हणून ढोली पडलेलं झाड बाहेरून जाड होत जाऊ शकतं. यातून एक व्यावहारिक बोध निघतो, तो आपल्याकडे अजून झिरपलेला नाही. ढोली साफ खरवडून तिच्यात सिमेंट भरायची जुनी पद्धत झाडानं कष्टानं घातलेली भिंतच फोडते. वर सिमेंट आणि लाकूड वाऱ्यात वेगवेगळे हलतात, फट पडते, आत पाणी साचतं. फांदी खोडाशी सपाट कापून वर डांबर फासणं हाही त्याच जातीचा उपकार.

मग पोकळ झाड किती धोक्याचं? इथे थोडं गणित उपयोगी पडतं, आणि ते आपल्या अंदाजाच्या विरुद्ध जातं. वाकण्याला विरोध करण्याचं काम खोडाची बाहेरची बाजू करते, मधला गाभा फारसं करत नाही. सायकलची चौकट नळीची असते ती याच कारणानं. मध्यभागी गोल पोकळी धरली, तर जाणारी ताकद पोकळी आणि खोड यांच्या व्यासांच्या गुणोत्तराच्या चौथ्या घाताइतकी असते. एक मीटर व्यासाच्या खोडात अर्ध्या मीटरची पोकळी असेल, तर ताकद जेमतेम 6 टक्के कमी होते. 70 सेंटिमीटरची असेल तर सुमारे 24 टक्के, 80 ला 41, आणि 90 ला जवळपास 66. म्हणजे निम्म्या पोकळीपर्यंत जवळपास काही बिघडत नाही, आणि मग उतार एकदम तीव्र होतो. जर्मनीत कार्ल्सरुहला काम करणाऱ्या क्लाउस मॅथेक यांनी पडलेली आणि उभी झाडं मोजून असा दंडक दिला, की शिल्लक भिंतीची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या साधारण तीन दशांशांखाली गेली की सावध व्हावं. हा आकडा जगभर गेला आणि त्यावर टीकाही झाली. तो बुटक्या, आखडलेल्या माथ्याच्या जुन्या झाडांवर अन्याय करतो, पोकळी एका बाजूला सरकलेली किंवा उघडी असली तर तो फसवतो, आणि वारा किती लागतो याचा त्यात हिशेबच नाही. टीका रास्त आहे. तरी आकड्याच्या मागचा विचार टिकतो: ‘पोकळ आहे’ हे निदान नाही, ‘भिंत किती उरली’ हा प्रश्न आहे. लाकडी हातोडीनं खोड चारी बाजूंनी ठोकलं तर भरीव ‘ठक्’ आणि ढोलाचा ‘ढब्’ यांतला फरक माळ्यालाही कळतो, आणि पोकळीच्या तोंडातून पातळ सळई घातली तर भिंत किती आहे याचा बरा अंदाज येतो.

खोडावरच्या अळंब्यांनी मात्र दचकावं. पश्चिम महाराष्ट्रात फणसाच्या आणि इतर झाडांच्या खोडाला फळीसारखी चिकटलेली कडक अळंबी ‘फणसोंबा’ म्हणून ओळखली जाते, आणि लहान मुलांचं तोंड आलं की ती उगाळून लावतात. वैदूला ती औषध आहे. झाड तपासणाऱ्याला ती आतल्या लाकडाचा पंचनामा आहे, कारण बाहेर फळी दिसेपर्यंत बुरशीनं आतला बराच प्रांत व्यापलेला असतो. तीच फळी उंचावरच्या एखाद्या फांदीवर असेल तर त्या फांदीपुरता विचार करता येतो. बुंध्याशी, माती आणि खोड यांच्या सांध्यावर, तपकिरी पाठीची आणि पांढऱ्या कडेची गॅनोडर्मा ही अळंबी दिसली, तिच्या पाठीवर आणि खालच्या गवतावर तपकिरीसारखी भुकटी सांडलेली असली, तर प्रश्न मुळांपर्यंत पोचला असं समजावं. तिथून पुढे पानांच्या साक्षीला अर्थ उरत नाही.

का उरत नाही, हे नीट समजून घेण्याजोगं आहे, कारण ‘काल तर हिरवंगार होतं’चं उत्तर त्यातच आहे. पाणी वर चढतं ते खोडाच्या बाहेरच्या ओल्या लाकडातून. गाभा कुजला तरी तो नळ चालू राहतो. मुळांतही कामाची वाटणी आहे: पाणी शोषणारी केसाळ मुळं दूरवर, वरच्या फूट-दोन फूट मातीत पसरलेली असतात. झाडाला जमिनीशी बांधून ठेवणारी मांडीएवढी मुळं बुंध्यापासून दोन-तीन मीटरच्या आत असतात. एका बाजूची बांधणारी मुळं तोडली किंवा कुजली, तरी उरलेल्या बाजूंची शोषणारी मुळं माथ्याला पाणी पुरवू शकतात. झाडाची तहान भागते, पण पाय गेलेला असतो. पुढे जूनमध्ये तीन गोष्टी एकत्र येतात. वळवानंतर माथा नव्या पानांनी जड झालेला असतो, माती भिजून तिची पकड सैल झालेली असते, आणि नैऋत्येचा वारा सुरू होतो. शिवाय मेअखेरीपर्यंत रस्त्याची, गटाराची, केबलची खोदाई उरकून घ्यायची घाई झालेली असते. तौक्ते वादळात, 17 मे 2021 ला, मुंबईत वाऱ्याचे झोत ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेले आणि दोन हजारांहून जास्त झाडं पडली. इतक्या वाऱ्यात धडधाकट झाडही पडू शकतं हे मान्य. पण एरवीच्या पावसाळ्यातली उन्मळून पडलेली झाडं पाहा. अनेकांच्या वर आलेल्या मुळांच्या थाळीची एक कड कुदळीनं किंवा जेसीबीनं सरळ कापलेली असते, नाहीतर ती थाळीच काँक्रीटच्या चौकोनाएवढी, टेबलावर ठेवलेल्या फुलदाणीच्या बुडाएवढी असते.

म्हणून माझ्या मते तपासणीचं पहिलं हत्यार खुरपं. निरोगी झाड जमिनीत शिरताना हत्तीच्या पायासारखं फाकतं. विजेच्या खांबासारखं सरळ आत शिरताना दिसलं, तर बुंध्याभोवती भर पडली आहे: कधी बांधकामाचा राडारोडा, कधी बागेची माती, कधी पेव्हर ब्लॉकखालची खडी. खुरप्यानं हलकेच माती बाजूला केली की गाडलेली साल दिसते. ती काळी, मऊ, आंबूस वासाची असेल तर ते पानांवरच्या शंभर ठिपक्यांपेक्षा गंभीर. सोसायटीतल्या झाडाला भक्तिभावानं बांधलेला पार हीही भरच आहे. वडा-पिंपळाला ती पुष्कळ अंशी सोसते, कारण ते कुठूनही मुळं फोडतात. आंबा, गुलमोहर यांना सोसत नाही. मग जमीन पाहावी: झुकलेल्या झाडाच्या पाठीमागच्या बाजूला मातीला अर्धवर्तुळाकार भेग आहे का, तिथली फरशी उचलली गेली आहे का. लहानपणापासून तिरकं वाढलेलं झाड माथ्याकडे वळून सरळ होतं, आणि ते बहुधा निर्धास्त असतं. कालपर्यंत सरळ असून आज अख्खंच्या अख्खं काठीसारखं कललेलं झाड मात्र एक रात्रही थांबायची मुभा देत नाही. ब्रिटनच्या बांधकाम मानकात छातीच्या उंचीवरच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येचं वर्तुळ झाडाचं म्हणून राखायला सांगतात. 60 सेंटिमीटरच्या झाडाला ते 7 मीटरच्या वर भरतं. आपल्या वस्त्यांत एवढी जागा कुठली, हे खरंच आहे. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाला 2013 मध्ये झाडाभोवतीचं निदान एक मीटर काँक्रीट काढा असा आदेश द्यावा लागला. सात मीटर आणि एक मीटर यांच्या मधल्या जागेत आपली शहरी झाडं जगतात. झाडांना ठोकलेले खिळे काढण्याच्या मोहिमा चांगल्या आहेत, फोटोही छान येतात. पण एक चर जेवढं नुकसान करतो तेवढं शंभर खिळ्यांना जमत नाही.

आता आक्षेप. सगळ्यांत वजनदार आक्षेप हा, की मूल झाडाखाली खेळत असताना चौथ्या घाताचं गणित कुणाला हवंय? शंका असेल तर तोडा. हा आक्षेप भावनिक म्हणून झटकता येत नाही, माणसं दरवर्षी खरोखर दगावतात. पण ‘शंका’ हा निकष धरला तर एकही मोठं झाड वाचत नाही, कारण शंका प्रत्येकाबद्दल घेता येते. धोका म्हणजे झाड मोडण्याची शक्यता, मोडलं तर खाली कुणी असण्याची शक्यता आणि परिणाम किती मोठा, या तिन्हींचा मेळ. त्यातला मधला घटक बदलणं बहुधा सगळ्यांत स्वस्त असतं. झोपाळा आणि बाक दुसरीकडे, पार्किंग भिंतीच्या पलीकडे, पावसाळ्यापुरती दोरी. दुसरं असं, की ‘तोडा’ची परवानगी मिळत नाही तेव्हा जे केलं जातं ते तोडण्यापेक्षा वाईट. माथा सपाट कापला, मुंडण केलं. त्या ठुठांवर वर्षा-दोन वर्षांत धुमाऱ्यांचं रान येतं. ते धुमारे जुन्या लाकडाच्या गाभ्यात रुजलेले नसतात, वरवर चिकटलेले असतात, आणि खाली ठूठ कुजत जातं. पाच-सहा वर्षांनी ते मांडीएवढे झाले की मूळ फांदीपेक्षा जास्त सहजतेनं सुटतात. तारांसाठी एकाच बाजूनं ओरबाडलेला माथा हे तेच कर्म, फक्त तिरकं. अनुभवी हातानं माथ्याचा घेर थोडा आत घेतला आणि बेचक्यात साल अडकून चीर पडलेली जोडफांदी हलकी केली, तर वाऱ्याचा भार लक्षणीय उतरतो आणि जखमा लहान राहतात.

दुसरा आक्षेप घराच्या पायाचा. मुळं पाया फोडतात असं सर्रास म्हणतात. धडधाकट काँक्रीटमध्ये मूळ घुसत नाही. ते ओल शोधत जातं आणि आधीच गळणाऱ्या पाइपच्या सांध्यात शिरतं. कंपाउंडची हलकी भिंत, पायरी, फरशी मात्र ते उचलतं. खरी गोम आहे काळ्या मातीत. विदर्भ, मराठवाडा, सोलापूरकडची माती उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि पावसात फुगते. मोठं झाड उन्हाळ्यात त्या मातीतलं पाणी आणखी ओढतं, आणि उथळ पायाचं घर एका कोपऱ्यात खचू शकतं. पण अशा मातीतलं जुनं झाड एकदम काढलं तर वर्षानुवर्षं कोरडी राहिलेली माती पाणी पिऊन फुगते आणि भेगा उलट्या दिशेनं पडतात. भेग रुंदावते आहे का, कोणत्या महिन्यात, हे वर्षभर पाहिल्याशिवाय झाडाला आरोपी करू नये. गच्चीच्या फटीत पक्ष्याच्या विष्ठेतून उगवलेलं पिंपळाचं रोप हा निराळा मामला. ते पेरभर असतानाच मुळासकट काढावं, तिथे दयामाया नको.

माडांना यातलं जवळपास काहीच लागू नाही, म्हणून थोडक्यात. माडाचं खोड जाडीला वाढत नाही, जखमेवर नवं लाकूड चढत नाही, आणि वाढीचा कोंब एकच. लाल सोंड्या भुंग्याची लागण झाली की खोडाच्या भोकातून तांबूस चिकट द्रव ओघळतो, चघळलेला भुसा पडतो, आणि खोडाला कान लावला तर अळ्यांची कुरकुर ऐकू येते. शेंड्यातली न उघडलेल्या झावळीची सुई वाकली, झावळ्या लोंबल्या म्हणजे वेळ गेलेली असते. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दिवेआगरकडच्या माडा-पोफळींच्या वाड्या झोपल्या, त्यात निरोगी झाडंही मुबलक होती. तिथे तपासणीनं फार काही वाचलं असतं असं म्हणणं धाडसाचं होईल.

तिसरा आक्षेप यंत्रांचा: हे सगळं डोळ्यांनी कशाला, ध्वनिलहरींनी खोडाचा आडवा छेद दाखवणारी आणि सुईच्या रोधावरून लाकडाची घनता मोजणारी उपकरणं आहेत की. आहेत, आणि खोडाची उरलेली भिंत मोजायला ती उत्तम. पण ती जिथे लावता येतात तिथलंच सांगतात. पेव्हर ब्लॉकखाली सहा वर्षांपूर्वी गॅसच्या पाइपसाठी कोणती मुळं कापली, हे रंगीत छेदात उमटत नाही. ते वॉचमनला आठवतं, सोसायटीच्या जुन्या इतिवृत्तात असतं, कंत्राटदाराच्या बिलात असतं. माझा कल म्हणून असा, की आधी जमिनीचा दहा वर्षांचा इतिहास, मग खुरपं आणि हातोडी, आणि त्यातून निश्चित प्रश्न उभा राहिला तरच यंत्र. उलट क्रमानं गेलं की अहवाल जाडजूड येतो आणि झाड भलतीकडूनच मोडतं.

कायद्याची चौकट या कामाला निम्मी साथ देते. महाराष्ट्रातल्या नागरी भागांसाठी 1975 चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आहे. त्यानं वृक्ष प्राधिकरणं आली, दर पाच वर्षांनी गणना आली, आणि खासगी आवारातलं झाडही परवानगीवाचून तोडणं बेकायदा ठरलं. 2021 च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला. हेतू उत्तम, पण वय हा निकष अवघड. सागाला वर्षागणिक स्पष्ट कडी पडतात, वड-पिंपळाला पडत नाहीत. पर्जन्यवृक्ष काही दशकांत जो घेर गाठतो त्याला चिंचेला कितीतरी जास्त काळ लागतो. शिवाय वय झाडाच्या जगण्याबद्दल किंवा उभं राहण्याबद्दल स्वतःहून काहीच सांगत नाही. कोलकात्याजवळच्या शिबपूर उद्यानातल्या महावटाचं मूळ खोड 1864 आणि 1867 च्या वादळांत जखमी झालं, बुरशीनं कुजलं, आणि 1925 मध्ये काढून टाकलं. झाड पारंब्यांवर अजून पसरतंच आहे. आपल्याकडे मात्र रस्त्यावरच्या वडाच्या पारंब्या रहदारीला अडतात म्हणून जमिनीला टेकण्याआधीच छाटतात, म्हणजे आडव्या फांद्यांच्या वाढत्या भाराखाली येऊ घातलेले खांब काढून घेतात, आणि काही वर्षांनी त्याच फांद्या ‘धोकादायक’ म्हणून अर्जात येतात.

अर्जाचा नमुना बदलला तरी पुष्कळ फरक पडेल. आज त्यात झाडाचं नाव, घेर, कारण आणि फोटो असतो, आणि फोटो सहसा वरच्या दिशेनं काढलेला. त्याऐवजी बुंध्याचे चारी बाजूंनी जवळून फोटो मागावेत, गेल्या दहा वर्षांत सहा-सात मीटरच्या आत काय काय खोदलं, भरलं, फरसबंद केलं याची तारीखवार नोंद मागावी, आणि झाडाखाली दिवसातून किती वेळ कोण असतं ते लिहायला सांगावं. ही तीन उत्तरं लिहिताना अर्ज करणाऱ्यालाच अनेकदा दिसेल, की काढायचं ते झाड नसून त्याच्या बुडाशी घातलेले पेव्हर ब्लॉक आहेत. काही थोड्या अर्जांत उलट दिसेल: वरून डेरेदार, बुडाशी तपकिरीची भुकटी. ते झाड मेमध्येच उतरवावं लागेल, पालवी असली तरी.